मिठाचा हिशेब

मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत 'करदाता' हा शब्द गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फारच प्रतिष्ठित होऊन बसला आहे. रेशनच्या तांदळाचा विषय असो, अंगणवाडी सेविकांच्या मानधनाचा असो, की २०२१-२२ मधल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या प्रदीर्घ संपाचा, कोणी ना कोणी करदात्याच्या वतीने उभा राहतो आणि आपल्या पैशांवर हे किती काळ चालायचे, असा सवाल टाकतो. या सवालात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, समाजात दोन वर्ग आहेत. एक कर भरतो आणि दुसरा त्यावर जगतो. मग कामगारांनी महागाईविरुद्ध, एखाद्या कराविरुद्ध किंवा सरकारच्या आर्थिक धोरणाविरुद्ध मोर्चा काढला, की पहिल्या वर्गाला त्याचे नवल वाटते. जे कर भरतच नाहीत, त्यांनी करांविषयी तक्रार का करावी, असे त्याला मनापासून वाटत असते.

आम्ही अर्थशास्त्राचे अभ्यासक नाही. मराठी भाषा आणि साहित्य शिकवणे हे आमचे काम. परंतु शब्दांचे अर्थ कसे सरकतात आणि ते कोणाच्या सोयीने सरकतात, हे पाहणे आमच्या कामातच मोडते. म्हणून या शब्दाकडे जरा निरखून पाहावे असे वाटते. आमचे म्हणणे थोडक्यात असे: कष्टकऱ्यांच्या करविरोधी आंदोलनांकडे आपण फुकटेपणाची मागणी म्हणून पाहत आलो, पण आपल्याकडचा इतिहास वेगळेच सांगतो. या आंदोलनांनी बहुतेक वेळा कर बुडवण्याचा हक्क मागितलेला नाही. दिलेल्या कराचा हिशेब मागितला आहे.

आरंभ एका वाक्प्रचारापासून करू. संप झाला, रास्ता रोको झाला, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'जनतेला वेठीस धरले' हे शब्द हमखास येतात. हा वाक्प्रचार वापरताना आपल्याला वेठ म्हणजे काय याचा सपशेल विसर पडलेला असतो. वेठ म्हणजे राजसत्तेने रयतेकडून, आणि त्यातही खालच्या गणल्या गेलेल्या जातींकडून, मोबदल्यावाचून घेतलेले श्रम. सरकारी ओझी वाहणे, किल्ल्याची डागडुजी करणे, लाकूडफाटा आणणे ही सारी वेठ. ज्याच्यापाशी द्यायला रोकड नव्हती, त्याच्या अंगमेहनतीच्या रूपाने वसूल केलेला तो करच होता. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना खरोखर वेठीस धरले गेले, त्यांच्याच वारसांनी आज काम थांबवले की 'वेठीस धरल्या'चा आरोप त्यांच्यावर येतो! भाषेने केलेली ही उलटापालट सहज घडलेली नाही. 'करदाता' या शब्दाचेही काहीसे असेच झाले आहे.

कर भरणारा कोण, हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत स्पष्टपणे महात्मा जोतीराव फुले यांनी विचारला. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांचा युक्तिवाद असा होता की, सरकारच्या महसुलाचा मोठा हिस्सा शेतकऱ्याच्या श्रमातून येतो. वरच्या वर्गांचा त्यातला वाटा थोडा. आणि तरीही तो पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर सढळ हाताने खर्च होतो. पुढल्याच वर्षी लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्येही लोकल फंडासारख्या पट्ट्या, जकाती आणि त्या पैशांवर पोसलेली नोकरशाही यांवर त्यांचा आसूड सतत कडाडत राहतो. येथे नीट पाहण्यासारखी गोष्ट ही की, फुले शाळांसाठी पैसा घेऊच नका असे म्हणत नाहीत. ज्याच्याकडून घेतला, त्याची पोरे शाळेत का दिसत नाहीत, असे ते विचारतात. त्यांची मागणी हिशेबाची आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर खरा करदाता कोण हे त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे.

ज्या करांवरून सामान्य माणूस रस्त्यावर आला, त्यांत मिठाची कथा सर्वांत बोलकी आहे. मीठ हा कर बसवायला सर्वांत सोयीचा पदार्थ. श्रीमंत माणूस गरिबाच्या दहापट तूप खाऊ शकेल. दहापट मीठ काही खाणार नाही. उलट उन्हात राबून घाम गाळणाऱ्यालाच ते थोडे अधिक लागते. म्हणजे मिठावरचा कर हा वस्तुतः माणशी कर, आणि तोही ऐपतीकडे न पाहता घेतलेला. १८४४ साली मुंबई इलाख्यात मिठावरची जकात मणामागे आठ आण्यांवरून एक रुपयावर नेली, तेव्हा सुरतेत दंगल उसळली आणि सरकारला ती वाढ काही अंशी मागे घ्यावी लागली. गांधीजींच्या दांडीयात्रेच्या ८६ वर्षे आधीची ही घटना आहे. मिठाच्या कराची झळ सामान्यांना शिकवावी लागत नव्हती, ती त्यांना जिभेवरच कळत होती.

२ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना जे पत्र लिहिले, तेही या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. सत्याग्रहाची पूर्वसूचना देणारे हे पत्र जवळजवळ जमाखर्चाच्या वहीसारखे आहे. एका बाजूला व्हाइसरॉयांचा दरमहा २१,००० रुपयांचा पगार, दुसऱ्या बाजूला दिवसाकाठी दोन आण्यांहून कमी असलेले सामान्य भारतीयाचे सरासरी उत्पन्न. एका बाजूला जमीनमहसूल आणि मीठकर, दुसऱ्या बाजूला जगातील सर्वांत महागड्यांपैकी एक असे प्रशासन. सविनय कायदेभंगाचा तात्त्विक गाभा कोणताही असो, त्याची मांडणी हिशेबाची होती. त्यामुळेच ती सर्वदूर समजली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कोकणात शिरोड्याला आणि मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर लोक कायदा मोडायला गेले.

सोलापूरला तर समुद्रही नव्हता आणि मिठागरेही नव्हती. तरीही गांधीजींच्या अटकेनंतर तेथील गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि सरकारला शहरात लष्करी कायदा पुकारावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आली. सोलापूरकरांच्या त्या रागामागे एकटे मीठ होते, असे कोणी म्हणणार नाही. परंतु गिरणीतली मजुरी, बाजारातले भाव आणि सरकारचा कर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकातल्या प्रकरणांपुरते खरे. मजुराच्या घरी त्या एकाच ताटात येतात.

मीठकर १९४७ साली, हंगामी सरकारच्या काळात, रद्द झाला. ताटातून कर घेण्याची युक्ती मात्र त्याच्याबरोबर गेली नाही. अबकारी कर, विक्रीकर, जकात अशा नावांनी ती चालू राहिली. त्याहून सूक्ष्म असा एक करही होता. तो कोणत्याच कायद्यात लिहिलेला नसतो. त्याचे नाव महागाई. १९७२ च्या भीषण दुष्काळाच्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या, पक्षाने भिन्न असलेल्या नेत्या तिच्यात एकत्र आल्या आणि चाळींतल्या, झोपडपट्ट्यांतल्या बायका हाती लाटणी घेऊन मोर्च्यात उतरल्या. त्या काळच्या विनोदी व्यंगचित्रकलेला हे लाटणे नवऱ्याच्या डोक्यावर मारायचे हत्यार म्हणूनच ठाऊक होते. मोर्च्यातल्या बायकांनी ते राज्यकर्त्यांपुढे पुरावा म्हणून धरले. पीठ नाही, तेल नाही, रॉकेल नाही. मग लाटण्याचे करायचे काय?

यावर राज्यकर्त्यांचे उत्तर काय होते? १९७४ च्या मे महिन्यात रेल्वे कामगारांचा संप झाला आणि मोडून काढला गेला. त्यानंतर त्याच वर्षी केंद्राने सक्तीच्या ठेवीचा कायदा आणला. वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग आणि नवी वेतनवाढ सगळीच्या सगळी कामगाराच्या हाती न देता सरकारकडे ठेव म्हणून अडकवायची, अशी त्यात तरतूद होती. कामगाराच्या हाती पैसा फार झाल्याने भाव चढतात, असा त्यामागचा तर्क. भाव वाढले म्हणून भत्ता वाढला, आणि भत्ता वाढला म्हणून भाव वाढतात असे म्हणून तो अडकवला गेला. हा कर नव्हता, असे कायद्याच्या भाषेत म्हणता येईल. पण महिनाअखेरीस घरी कमी पैसे घेऊन जाणाऱ्याला तो फरक समजावून सांगणे कठीण होते.

मात्र याच वर्षांत महाराष्ट्राने एक वेगळी वाटही काढली होती, आणि तिचा विसर पडणे आपल्याला परवडणारे नाही. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या लाखो मजुरांच्या गरजेतून आणि त्यांच्या आंदोलनांतून रोजगार हमीची मागणी बळावली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या योजनेला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेच्या खर्चासाठी १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला. पगारदार, व्यावसायिक, दुकानदार यांच्याकडून घ्यायचा आणि गावातल्या मजुराला काम देण्यासाठी खर्च करायचा. जितकी रक्कम या करांतून येईल तितकीच राज्याने आपल्याकडून घालायची. आमच्या वेतनचिठ्ठीत आजही दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी ही कपात दिसते; वर्षाचे २,५०० रुपये. त्याहून जास्त हा कर घेता येत नाही, अशी मर्यादा राज्यघटनेतच घातलेली आहे. स्टाफरूममध्ये या कपातीवर कुरकुर होते, पण ती कशासाठी सुरू झाली हे सांगणारा सहकारी क्वचित भेटतो.

या निधीत जमा झालेला पैसा आणि योजनेवर झालेला खर्च यांचा मेळ नेहमीच बसला असे नाही. परंतु मेळ बसत नाही असे म्हणता येण्यासाठी मुळात कर आणि काम यांची गाठ कायद्याने बांधलेली असावी लागते. येथे ती बांधलेली होती. कोणाकडून घ्यायचे, कोणाला द्यायचे आणि कशासाठी, हे तिन्ही प्रश्न या कराने उघडपणे सोडवले होते. चांगला कर कसा असावा याचा हा घरचाच नमुना आहे.

आता याच कसोटीवर अलीकडच्या काही घटना घासून पाहू, आणि त्यासाठी पुन्हा सोलापूरलाच जाऊ. गिरण्यांच्या पडत्या काळात तेथील हजारो घरे बायकांच्या विडीकामावर तगली. घरी बसून पाने कापायची, विड्या वळायच्या आणि हजारावर मजुरी घ्यायची, असे हे काम. १९७६ च्या कायद्याने विड्यांवर एक स्वतंत्र उपकर होता. त्यातून विडी कामगारांसाठी दवाखाने, घरांना साहाय्य आणि मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या जात. रक्कम लहान, पण तिला नाव होते आणि पत्ता होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. विडीवर २८ टक्के कर बसला आणि तो उपकर रद्द झाला. विडी आरोग्याला घातक आहे आणि तंबाखूवर जबर कर हवा, हे आम्हाला मान्य आहे. प्रश्न वेगळा आहे. कामगाराच्या पोरीच्या शिष्यवृत्तीशी बांधलेली करातली गाठ सुटली. तिच्या शिष्यवृत्तीला आता वर्षावर्षाच्या अंदाजपत्रकी तरतुदीची वाट पाहावी लागते. एकीकडे कर वाढला आणि दुसरीकडे त्याचा पत्ता पुसला गेला. याविरुद्ध विडी कामगार बाई बोलली, तर ती फुकट मागते आहे असे कसे म्हणता येईल?

दुसरे उदाहरण इंधनाचे. मे २०२० मध्ये जगात कच्च्या तेलाचे भाव कोसळले असताना केंद्राने पेट्रोलवरील कर लिटरमागे १० रुपयांनी आणि डिझेलवरील १३ रुपयांनी वाढवला. पंपावरचा भाव त्या दिवशी वाढला नाही, म्हणून फारसा गवगवा झाला नाही. पण उतरलेल्या भावाचा जो लाभ लोकांपर्यंत यायचा, तो वाटेतच काढून घेतला गेला. टाळेबंदीत रोजगार गमावलेले मजूर तेव्हा महामार्गांवरून पायी गावाकडे निघाले होते. त्याच्या जेमतेम आठ महिने आधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला होता. त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, हे सरकारनेच सांगितले होते. करदात्याच्या नावाने वाचकपत्रे लिहिणारे तेव्हा आपल्या पैशांविषयी फारसे बोललेले आम्हाला आठवत नाहीत.

तिसरी गंमत २०२५ सालची. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकाने नव्या करपद्धतीत वार्षिक १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर उरू दिला नाही. म्हणजे प्राप्तिकर भरणारा तोच करदाता ही व्याख्या पकडली, तर पांढरपेशा वस्त्यांतली कितीतरी घरे एका रात्रीत करदात्यांच्या यादीतून बाहेर पडली. त्यांना कोणी फुकटे म्हटले नाही, आणि म्हणूही नये. पण अंगाचा साबण, केसांचे तेल, दात घासायची पेस्ट यांवर १८ टक्के कर सप्टेंबर २०२५ पर्यंत चालू होता. तो तेव्हा ५ टक्क्यांवर आला. मोलकरीण आणि मालकीण या दोघींनीही तोवर साबणावर सारख्याच दराने कर भरला. दर सारखा असला तरी भार सारखा नसतो. समजा, एका घरात महिना १५,००० रुपये येतात आणि सगळे खर्च होतात. दुसऱ्या घरात दीड लाख येतात आणि त्यांतले निम्मे शिल्लक पडतात. पहिल्या घराची सगळी मिळकत बाजारातून, म्हणजे कराच्या दारातून जाते. दुसऱ्याची निम्मीच जाते. म्हणून मिळकतीच्या प्रमाणात पाहिले, तर बाजारातला कर मोलकरणीलाच अधिक जड जातो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो विचारात घेतला पाहिजे. कामगार संघटना एका तोंडाने कर कमी करा म्हणतात आणि दुसऱ्या तोंडाने शाळा, दवाखाने, निवृत्तिवेतन मागतात. हा विरोधाभास नव्हे काय? सगळ्यांवरचेच कर कमी करा अशी मागणी असती, तर तो विरोधाभास ठरला असता. येथे मागणी भार हलवण्याची आहे. ताटावरून उचला आणि तिजोरीवर ठेवा, एवढीच. मोर्च्यांमागे पक्ष असतात, नेत्यांचे हितसंबंध असतात, काही मागण्या अव्यवहार्य असतात, हेही खरे. पण व्यापारी आणि उद्योजकांच्या शिष्टमंडळांमागे हितसंबंध नसतात असे थोडेच आहे? त्यांचे निवेदन वातानुकूलित दालनात स्वीकारले जाते आणि कामगाराचे फाटकाबाहेर. फरक या एवढ्या अंतराचा आहे.

हिशेब मागण्याच्या या परंपरेने देशाला काय दिले, याचेही एक उदाहरण आहे. राजस्थानात १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेच्या गावसभांतून दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी हजेरीपटाची नक्कल मागितली. आपल्या नावापुढे किती रोज मांडले आणि हाती किती पडले, एवढेच त्यांना पाहायचे होते. त्या साध्या मागणीतून माहितीच्या अधिकाराची चळवळ वाढली आणि २००५ साली देशाला कायदा मिळाला. आज सुशिक्षित नागरिक ज्या हक्काचा वापर करून आपला अर्ज कोणत्या टेबलावर अडकला आहे ते विचारतो, तो हक्क मुळात खडी फोडणाऱ्यांच्या चौकशीतून आला आहे. मजुरांनी आपला हिशेब मागितला आणि लाभ सर्वांना झाला.

आता आमच्याविषयी. अनुदानित महाविद्यालयातल्या प्राध्यापकांचे वेतन राज्याच्या तिजोरीतून येते. त्या तिजोरीत व्यवसाय कराची आमची कपात जाते, तसाच विडी वळणाऱ्या बाईने घेतलेल्या चहापत्तीवरचा आणि तेलावरचा करही जातो. तिची मुलगी आमच्या वर्गात बसते, परीक्षेसाठी 'शेतकऱ्याचा असूड'वरील टिपा उतरवून घेते. फुल्यांनी विचारलेला प्रश्न आम्ही तिला १० गुणांच्या उत्तरापुरता शिकवतो आणि तिच्या आईचा मोर्चा रस्त्यात आडवा आला की घड्याळाकडे पाहतो. साहित्याच्या अध्यापनातून काही साधायचे असेल, तर निदान या दोन गोष्टींचा सांधा जुळवता यायला हवा. राज्याच्या अंदाजपत्रकात कष्टकऱ्याच्या खरेदीतून किती कर आला आणि त्याच्याकडे काय परत गेले, याचे साध्या मराठीत लिहिलेले एक पान दरवर्षी असावे, आणि ते ग्रामसभेत व वॉर्डसभेत वाचले जावे, ही मागणी करायला अर्थतज्ज्ञ असण्याची गरज नाही. त्यासाठी लागणारी भाषा तरी आमच्यापाशी आहे.

'खाल्ल्या मिठाला जागणे' हे आपल्याकडे इमानाचे सर्वांत मोठे माप मानले जाते. हे माप आजवर चाकराला लावले गेले. धन्याचे मीठ त्याने खाल्ले, म्हणून त्याने जागायचे. सुरतेपासून सोलापूरपर्यंतचा इतिहास पाहिला, तर कोणी कोणाचे मीठ खाल्ले हे नव्याने ठरवावे लागते. राज्यसंस्था कष्टकऱ्याचे मीठ खात आली आहे, आणि तिच्या पगारावर जगणारे आम्हीही. तेव्हा पुढच्या वेळी चौकात मोर्चा अडवेल, तेव्हा तो आपल्याला वेठीस धरतो आहे असे म्हणण्याआधी त्याच्या फलकावर काय लिहिले आहे ते वाचावे. बहुधा तेथे एखादी रक्कम लिहिलेली असेल, आणि ती बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे.